मेल्यावरची शिंक

नाटकात मी मेल्यावर शिंकलो, हे बऱ्हाणपूर अजून विसरलेलं नाही.

नाटकाचं नाव 'कापालिकाचा कोप'. लिहिणारे, बसवणारे आणि खुद्द कापालिक होणारे आमच्या सिंधीपुऱ्यातले अण्णा अर्जनवीस. दिवसभर तहसिलीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. (आयुष्यभर 'गरीबपरवर सलामत' लिहून माणूस आतल्या आत किती रक्तपिपासू होतो, ते हे नाटक पाहिल्यावर कळायचं.) मी जकात नाक्यावरचा कारकून, अंगानं भरलेला, म्हणून मला राजा केलं. पहिल्या अंकाच्या शेवटी कापालिक माझा गळा चिरतो, मी सिंहासनावरून गडगडत खाली येतो आणि राणी माझ्या प्रेतावर पडून बराच वेळ विलाप करते, असा प्रसंग होता.

रक्त म्हणून अण्णांनी माझ्या छातीवर मूठभर कुंकू उधळलं. त्यातलं निम्मं नाकात गेलं. राणीनं, म्हणजे मिशा काढलेल्या ड्रॉइंगमास्तरांनी, "नाथ, एकदा तरी बोला" म्हणायला आणि मला शिंक यायला एकच गाठ पडली. शिंक आमच्या घराण्यातली, म्हणजे ज्या गुदामात खेळ होता त्याचे पत्रे वाजले. मग ड्रॉइंगमास्तर मोठ्या प्रसंगावधानानं मला म्हणाले, "नाथ, प्रकृतीला जपा."

प्रेताला!

तरीही नाटक चाललं. चाललं म्हणजे काय, गावाला झपाटलं. एरवी सूत, सरकी आणि लग्नं यांपलीकडे न बोलणारी माणसं चावडीवर बसून कापालिकाच्या हसण्याच्या नकला करायला लागली. सगळ्यात मोठा रसिक गंगाराम न्हावी. त्याचं दुकान म्हणजे नाट्यपरीक्षणाचं मुख्य पीठ, आणि तिथले निकाल वादातीत, कारण ते तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून द्यायचा.

"दत्तोपंत, खून बरे होते," तो माझी हनुवटी वर करत म्हणाला. "पन रक्त लई पानचट. कुंकू होतं ना ते? राजाले मारलं का ओवाळलं, हेच समजेना."

अशा वेळी मी मतभेद व्यक्त करत नाही.

दुसऱ्या भागाची मागणी त्या दुकानातच उभी राहिली. पहिल्या भागाच्या शेवटी कापालिक विहिरीत उडी मारून मरतो. पण गंगारामनं सिद्ध करून दाखवलं की तो मरूच शकत नाही. आपल्या गावच्या भंडाऱ्याच्या विहिरी बादशाही काळापासून आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. एका विहिरीत बुडालेला माणूस पोहता येत असेल तर दुसरीतून निघालाच पाहिजे! अण्णांना हे खोडता येईना, म्हणून त्यांनी 'कापालिकाचा दुसरा कोप' लिहायला घेतला.

पहिल्या भागात चार खून होते. रसिकांच्या इच्छेला मान देऊन अण्णांनी दुसऱ्यात अकरा केले. मरायला नट मात्र नऊच होते, त्यामुळे दोघांना दोन-दोनदा मरावं लागणार होतं. त्या यादीत माझं नाव नव्हतं.

"दत्तोपंत, तुम्हाला मरायला देणं आता परवडणार नाही," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडे रक्तखातं."

परवानगीसाठी वही घेऊन आम्ही फौजदारसाहेबांकडे गेलो. साहेबाचं राज्य, आणि नाटकात राजे मरतात, म्हणून जरा धाकधूक होती. फौजदारांनी अकराही खून मन लावून वाचले आणि एवढंच विचारलं, की मरणारे सगळे आपल्यातलेच आहेत ना? आम्ही हो म्हणालो. त्यांनी सही केली.

इथवर सगळं ठीक होतं. मग तालमी अर्ध्यावर असताना आमच्या नायकाची, म्हणजे पोस्टातल्या कारकुनाची, खंडव्याला बदली झाली. खेळ आठ दिवसांवर. अण्णा डोकं धरून बसले. आणि मी (अजून आठवलं की माझीच जीभ मला चावावीशी वाटते) म्हणालो, "आमच्या विनायकमास्तरांचा आवाज चांगला आहे."

विनायकमास्तर म्हणजे आमच्या धाकट्या शकूसाठी ठरत आलेलं स्थळ. इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे. शांत, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या पायाकडे पाहणारे. वडील लहानपणीच गेलेले, तुकईथडच्या मामांनी वाढवलं, शिकवलं, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. आणि मामांचे दोन नेम गावोगावच्या मध्यस्थांना पाठ होते. एक, तोंडाला रंग लावणारा माणूस घर बुडवतो. दोन, शुभकार्यात शिंक झाली की ते कार्य तिथेच मोडायचं. (मागे एका स्थळाला निघताना गाडीवान शिंकला, म्हणून त्यांनी मुलगी न पाहताच बैल वळवले होते. गाडीवानाला आठ दिवसांपासून पडसं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनाही.)

रविवारी खेळ, आणि गुरुवारी साखरपुड्याला मामा येणार. मास्तर होणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणू शकले नाहीत. माझ्या पायाकडे पाहत "बरं" म्हणाले, बस.

घरी ही बातमी सांगितल्यावर आमच्या मंडळींनी तव्यावरची पोळी जळू दिली.

"मामांना कळलं म्हणजे?"

"कसं कळेल? ते तिकडे तुकईथडला. बैलगाडीनं इथे पोचेपर्यंत बातमी शिळी होते."

"पोरीचं लग्न मोडलं ना, तर तुम्हाला मी खरोखरीचं मारीन," ती म्हणाली. "मग शिंका."

शकू आतून सगळं ऐकत होती. तिला मास्तर आवडले होते. बोलली काही नव्हती, पण मास्तर आले की ती पाण्याबरोबर गूळ न्यायची आणि मी आलो की नुसतं पाणी. बापाला एवढं पुरतं. म्हणजे त्या खेळात माझ्या रक्तखात्यापेक्षा पुष्कळ काही पणाला लागलं होतं. पण मला त्या दिवसांत एकच ध्यास होता: या वेळी रक्त पाणचट म्हणायची गंगारामची हिंमत होता कामा नये.

म्हणून मी करीमचाचांकडे गेलो. करीमचाचा रंगारी. बाप, आजा, पणजा सगळे रंगारी. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. शहाण्या माणसानं ते हात पाहून तिथेच काय ते ओळखलं असतं. मी म्हणालो, "वा चाचा, असाच रंग पाहिजे."

"किसके वास्ते?"

आता, रक्ताचं गुपित कुणाला सांगायचं नाही, अशी अण्णांनी आम्हा सगळ्यांकडून तापीमाईची शपथ घेतलेली. म्हणून मी सांगितलं, कापडासाठी.

"सूत है या रेशम?"

"सूत."

"कच्चा दूँ, के पक्का?"

हा प्रश्न बऱ्हाणपूरच्या माणसाला विचारायचा असतो का? ज्या गावचं लुगडं फाटून त्याचं पोतेरं झालं तरी रंग तसाच राहतो, त्या गावचा मी, आणि कच्चा रंग मागू? लोक काय म्हणतील! मी छाती काढून म्हणालो, "पक्का. तुमच्या घराण्याचा असेल तसा."

चाचांना इतका आनंद झाला की त्यांनी एक घडा जास्तच दिला.

खेळ दुपारी तीनला. (गुदाम कापसाची सरकी काढायच्या जिनातलं. कापूस नसला तरी मालक तिथे दिवा लावू देईना. त्यामुळे आमची भुतं उन्हातच यायची.) वैशाख, डोक्यावर पत्रे, आत अर्धं गाव. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली आलेल्या, आणि आमची पिशाच्चं त्यांना बगल देत हिंडत होती, कारण पाय भाजत होते. सकाळी गंगारामनं रंगभूमीची सेवा म्हणून सगळ्या नटांची फुकट दाढी केली होती आणि चेहऱ्यांवर मनसोक्त तुरटी फिरवली होती. ही तुरटी ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

मी कागदी देवीच्या मूर्तीमागे उकिडवा बसलो होतो, हातात होळीची पितळी पिचकारी, शेजारी दोन घडे. अण्णांची तलवार खाली आली की मी दट्ट्या दाबायचा, असं ठरलं होतं. पहिल्याच खुनाला मी जरा जोरात दाबला. धार प्रधानाच्या डोक्यावरून गेली आणि थेट पुढच्या तीन रांगांवर पडली.

मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी भारलेल्या आवाजात म्हणालं, "अरे, आपल्यापर्यंत आलं."

त्यानंतर रसिकांना कोण आवरतो! पुढच्या खुनांना मागचे लोक पुढे सरकायला लागले. अंगावर रक्त न उडालेल्यांना चुकल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटचा, अकरावा खून विनायकमास्तरांचा. तालमीत मास्तर फार सभ्यपणे मरायचे, म्हणजे फळा पुसून वर्गाबाहेर जावं तसे. अण्णांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. मी ठरवलं, जावयाच्या वेळी रक्तात हयगय नको. पिचकारी गळ्यापर्यंत भरली, नेम धरला, तलवार खाली आली, आणि मी सगळा जोर लावला. निम्मा रंग मास्तरांच्या चेहऱ्यावर आणि निम्मा सरळ कानात.

मास्तर असे किंचाळले की बाहेर टांग्याचं घोडं उधळलं. मग कान धरून ते गोल फिरले, खांबावर आपटले, गुडघ्यावर बसले, उठले, पुन्हा फिरले आणि डोकं हलवत हलवत आडवे झाले. (ते कानातला रंग काढत होते. ते फक्त मला ठाऊक होतं.) पुरुष उभे राहिले. बायकांच्या बाजूला हुंदके. आमच्या शकूनं पदर तोंडात धरलेला. तिच्या आईला वाटलं, पोरगी रडते आहे. ती हसत होती.

गंगाराम पडद्यामागे येऊन मला भेटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दत्तोपंत, रक्त म्हनजे असं," तो म्हणाला. माझं जीवन सार्थकी लागलं. साधारण तासभर.

तासाभरानं आम्ही सगळे विहिरीवर अंघोळीला गेलो. कपडे धुतले, हातपाय धुतले, तोंडं धुतली. मग पुन्हा धुतली. मग एकमेकांकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा धुतली. मास्तर तर आधीपेक्षा उठून दिसत होते.

"बाबा," मास्तर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "हे जाईल ना?"

त्या रात्रीपासून बुधवारपर्यंत माझ्या घरात मास्तरांना काय काय लावलं, त्याची यादी सांगितली तर स्वयंपाकघर रिकामं होईल. रिठा, ताक, बेसन, राख. मग चिंच, लिंबू. मग रॉकेल. तापीच्या वाळूनं घासायचा विचार मी मांडला, तेव्हा मास्तरांनी फक्त "नको" म्हटलं, पण ते गणिताच्या शिक्षकाचं 'नको' होतं. चिंच लावल्यावर तर रंग आणखी खुलला. शेवटी त्यांना उपरण्यात गुंडाळून मी करीमचाचांकडे नेलं.

चाचांनी मास्तरांची हनुवटी धरून उजेडात फिरवली. एखाद्या साफ्याकडे पाहावं तसं पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे.

"फिटकरी लगाई थी?"

मी दाढीच्या तुरटीचं सांगितलं.

"वोही तो हम करते, पंडितजी. पहले फिटकरी, फिर रंग. फिर धूप. और खटाई से तो अल्ला कसम, रंग खुलता है." त्यांनी आजूबाजूच्या कारागिरांना बोलावून मास्तरांचा गाल दाखवला. "देखो, एक जैसा बैठा है. कहीं धब्बा नहीं."

"निघेल कसा ते सांगा, चाचा."

"सूत का होता तो मैं बोलता, कभी नहीं. चमडे का है. पंधरा दिन में नया आ जाएगा."

"उद्या साखरपुडा आहे."

चाचांनी थोडा विचार केला. "तो फिर दूल्हा बदल लो," ते म्हणाले.

तोवर गावात मास्तर म्हणजे देव झाले होते. रस्त्यानं निघाले की मागे लोक. "मेलेले मास्तर चालले" म्हणून बायका खिडकीत यायच्या. एका म्हातारीनं त्यांच्या गळ्याला लावायला हळद आणून दिली. जखम नाही हे सांगूनही तिचं समाधान होईना. अण्णांचा तर अर्धा चेहरा आणि पांढऱ्या मिशा लाल झालेल्या. तसेच तहसिलीबाहेर बसायचे, आणि त्यांनी लिहिलेल्या अर्जाला विरुद्ध बाजूचे लोक घाबरायला लागले म्हणून त्यांच्याकडे पक्षकारांची रीघ लागली. भाजीवाली त्यांना न मागता दोन वांगी जास्त घालायची. फक्त मी एकटाच या यशात खूश नव्हतो. माझे दोन्ही हात करीमचाचांसारखे झाले होते, आणि घरी त्या हातांना कुणी भाकरीसुद्धा सरळ वाढत नव्हतं, सरकवत होतं.

बुधवारी संध्याकाळी मी शकूजवळ जाऊन बसलो. म्हटलं, पोरी, बापाची चूक झाली. उद्या मामा मास्तरांना पाहतील, विचारतील, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

शकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मला लाल चालतील."

मी उठून दोन वेळा अंगणात जाऊन आलो.

गुरुवारी सकाळी मंडळींनी शेवटचा उपाय काढला. लालवर हळद लावली की रंग मवाळ दिसेल, असं तिचं म्हणणं. लावली. लाल अधिक पिवळा किती, हे मास्तरांनाही आधी सुचलं नाही. मास्तर नारिंगी झाले. पाटावर बसले तेव्हा समोर नुसती रुईची माळ ठेवायची बाकी होती.

मामा आले. उंच, आडव्या हाडाचे, आणि वैशाखात डोक्याला मोठा फेटा, तोही कानांवर ओढून बांधलेला. डावा हात बंडीच्या खिशात. माझा नमस्कार त्यांनी नुसत्या मानेनं घेतला. (मीही हात उपरण्याखालीच जोडले होते, त्यामुळे आमची गाठ दोन लुळ्या माणसांसारखी पडली.) ते बसले. भाच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मास्तरांना जरा उष्णता झाली आहे," मी म्हणालो.

"हं," मामा म्हणाले.

आणि तेवढ्यात दारात गर्दी झाली. मास्तर इथे आहेत हे गंगारामला कळलं होतं, आणि गंगारामला कळलं म्हणजे सिंधीपुऱ्याला कळलं. वीस-पंचवीस रसिक उंबऱ्यापाशी उभे.

"हे कोन लोक?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं, शाळेतले पालक. गणितात मुलं कच्ची आहेत.

"मास्तर," गंगाराम दारातूनच म्हणाला, "फक्त ते शेवटचं किंचाळनं एकदा. आमचे भाऊसाहेब आडगावाहून आले, त्यांनी पायलं नाही."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणजे आमच्या मंडळींनीही ऐकलं होतं. पण गंगाराम थांबला नाही. पाहुण्यांपुढे तो आपली रसिकता दाखवायला लागला. किंचाळणं फर्मास, रक्त एक नंबर, पण खरं सांगायचं तर कापालिक पहिल्या भागातच भारी होता. काय हसायचा! दुसऱ्यात अण्णा हसायचंच विसरले. चार खून होईस्तोवर तोंडातून शब्द नाही. मागे कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, पहिला भागच बरा. दुसरा म्हणाला, दुसरा भाग नेहमी पडतोच.

"चूक."

हा आवाज मामांचा होता.

सगळे वळले. मामा पाटावरून अर्धे उठले होते.

"पहिल्या भागात तो हासे, म्हनून माणसाले समजे, आता मारते. दुसऱ्यात तो हासतच नाही. म्हनूनच तर भेव लागते. तुमाले नाटकातलं काही समजते का नाही? आन् पहिला भाग म्हनता, तर पहिल्या भागात तो राजा मेल्यावर..."

मामा थांबले. आपण कुठे आहोत आणि काय बोलतो आहोत, ते त्यांना आत्ता कळलं. जोरात बोलताना फेटा मागे सरकला होता. त्यांचा डावा कान पाळीपासून वरपर्यंत लाल होता. एक जैसा बैठा हुआ, कुठे धब्बा नाही.

मामांनी हळूच खिशातला हात बाहेर काढला. तोही लालच. त्या हातानं त्यांनी फेटा सरळ केला.

"सुनेले लुगडं घ्याले आलतो रयवारी," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "जैनाबादले उतरलो होतो मावसभावाकडे. तो म्हने, चाल. म्हनून गेलो. तिसऱ्या रांगेत होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "मागच्या वर्षीही गेलतो. लांब बसलो होतो."

मास्तर आता त्यांच्या पायाकडे पाहत होते. "मामा, माझी चूक झाली. तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक असून मी रंग लावला."

"लावला खरा," मामा म्हणाले. "मी तं तुले तिथंच खाली ओढनार होतो. मंग तू मेला." त्यांनी लाल हाताच्या पालथ्या बाजूनं डोळा पुसला. "तुह्या बापाच्या टायमाले मी रडलो नव्हतो रे. कोनीतरी खंबीर पायजे होतं घरात. त्या दिवशी गुदामात बसून रडलो. पोरा, असं मरनं मी पायलं नाही."

दारातल्या गर्दीनं मान खाली घातली. गंगारामनं डोक्यावरची टोपी काढली. मला मात्र, कानात रंग गेला होता, हे सांगायची फार इच्छा होत होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी योग्य वेळी गप्प बसलो.

"पन पुन्यांदा नाही," मामा एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले. "एकदा मेला, बस झालं. आना पोरीले."

शकू आली. मामांनी आणलेलं लुगडं लाल होतं (रंग पक्का असल्याची त्यांनी दुकानदाराकडून खात्री करून घेतली होती). ओटी भरायची वेळ झाली. मामांनी स्वतः कुंकवाचा करंडा उघडला. मी बरोबर समोर. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली, करंड्यावरून गेली आणि सरळ माझ्या नाकात शिरली.

मी आत्तापर्यंत पुष्कळ संकटं सांगितली, ती सगळी विसरा. संकट ते हे. ओटी अर्धी भरलेली, मुलीच्या कपाळाला बोट लागलेलं, समोर शिंकेवरून बैल वळवणारा माणूस, आणि माझ्या नाकात आमच्या घराण्याची शिंक. मी श्वास धरला. दात दाबले. पायाचा अंगठा जमिनीत रोवला. मोठ्या मुलीच्या बाळंतपणापासून बऱ्हाणपूरच्या पुरापर्यंत जे जे गंभीर आठवलं ते आठवलं. डोळ्यांतून धारा लागल्या, कानशिलं तापली, सगळं अंग थरथरायला लागलं. गंगाराम माझ्याकडे टक लावून पाहत होता. दारातली पंचवीस माणसं पाहत होती. पहिला भाग पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आता काय होणार.

झालं नाही. शिंक वर आली, तिथे जरा घुटमळली, आणि परत गेली.

मामांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि खांद्यावर लाल हात ठेवला. "मुलीचा बाप हाये," ते सगळ्यांना म्हणाले. "रडू द्या त्यांले."

साखर वाटली गेली. रसिक मास्तरांच्या पाया पडून गेले. मामा अण्णांच्या घराकडे निघाले. तिसऱ्या भागात कापालिक कुठल्या विहिरीतून निघावा, याबद्दल त्यांचं काही म्हणणं होतं. घर रिकामं झालं. मी ओसरीवर टेकलो, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि माझ्या अभिनयाबद्दल कुणीतरी एक शब्द बोलावा अशा अपेक्षेनं आमच्या मंडळींकडे पाहिलं.

ती करंड्याचं झाकण लावत होती.

"म्हणजे शिंक आवरता येते तुम्हाला," ती म्हणाली. "मग तेव्हा मेल्यावरच काय झालं होतं हो?"